नेरूळची बायकांची रनिंग बॅच: पाचपैकी साडेचार

पहाटे साडेपाचला ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेच्या गेटपाशी ही बॅच जमते. सगळ्या बायका, कोचही बाईच. आम्ही त्यांना ताई म्हणतो. फी महिना १,५०० रुपये.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेवटची सायकल. पाम बीच रोडच्या बाजूने लांबचा रन असला की सर्वांत मागे धावणारीच्या मागे एकजण सायकलवर असते. हँडलला शिटी, पिशवीत मीठ-साखरेचं पाणी. ही सायकल कुणाच्याही पुढे जात नाही आणि शेवटची बाई आल्याशिवाय रन संपला असं कुणी म्हणत नाही. याआधी ठाण्यातल्या एका ग्रुपमध्ये मी पोहोचेपर्यंत पाण्याचा ड्रमसुद्धा उचललेला असायचा. अंधारात एकटी कुठे निघालीस, हा घरचा प्रश्नही सायकलमुळेच मिटला. आमच्यातल्या किती जणी तरी त्या एका प्रश्नापायी वर्षानुवर्षं घरी बसल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून यायला सांगतात. माझं ९.६ निघालं. जिने चढताना लागणारी धाप मी वयाच्या खात्यावर टाकत होते. डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडेपर्यंत ताईंनी मला पळूच दिलं नाही, फक्त चालवलं. पाळीच्या दिवसांत धावायचं की नाही हे जिचं तिने ठरवायचं. स्पोर्ट्स ब्रा कशी निवडायची, हेही कुजबुजत नाही, मोकळेपणी सांगतात.

आणखी एक, इथे 'लेडीजसाठी पाच किलोमीटर पुरे' हा प्रकार नाही. नवीन आलेलीसमोरही दहा किलोमीटरचंच ध्येय ठेवतात. स्ट्रेचिंग चालू असताना ताई जुन्या गोष्टी सांगतात. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली. धावून दमलेल्या बायका बघून वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि ती शर्यत थेट १९६०पर्यंत बंद! पुरुषांची मॅरेथॉन १८९६पासून, बायकांची १९८४पासून. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, तर बायकांना २००८मध्ये मिळाली. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ला रिओमध्ये त्याच शर्यतीच्या फायनलला धावली. दार किती उशिरा उघडलं आणि आपली पोरगी किती लवकर आत शिरली! हे ऐकल्यावर दहा किलोमीटरला 'मला नाही जमणार' म्हणायला जीभ रेटत नाही.

आता अर्धा मार्क का कापला? फी तीन महिन्यांची एकदम भरावी लागते. साडेचार हजार एकरकमी काढायचे तर ज्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा नाही, तिला घरी हात पसरावा लागतो आणि तिथेच तिचं धावणं अडतं. महिन्याच्या महिन्याला फी घ्या, असं मी ताईंना सांगितलंय. संध्याकाळची बॅचही हवी. शाळेची बस आणि डबे सांभाळून पहाटे निघणं प्रत्येकीला जमत नाही. माझी एक मैत्रीण नर्स आहे, तिची नाईट ड्युटी सकाळी सातला संपते. तिच्यासारखीने यायचं कधी?

शनिवारी ट्रायल मोफत असते. आधीच महागडे शूज घेऊ नका. ताई अगोदर तुमची पावलं आणि चाल बघतात, मग काय घ्यायचं ते सांगतात. सलवार-कमीजवर आलात तरी चालतं, बऱ्याच जणी तशाच धावतात.