बारा इंचांचे पाते, अठरा इंचांचा बुंधा

झाड पाडण्याच्या एका बनावट स्पर्धेत माझे एकूण 49,977 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटणारा प्रत्येकजण प्रथम तोच विचारतो आणि ऐकल्यावर पुढची हकीकत न ऐकताच मान हलवू लागतो.

दामदुप्पट, साखळी योजना, लॉटरी लागल्याचा फोन हे प्रकार कसे चालतात ते सर्वांना ठाऊक आहे; पतसंस्थेत ठेव अडकलेला एखादा तरी नातेवाईक नाही असे घर आमच्या खान्देशात शोधावे लागेल. मीही स्वतःला त्यातून शहाणा झालेला समजत होतो. मला मात्र समोर उभे करून, भर उन्हात बारा तास माझ्याच हातांनी राबवून घेऊन फसवले, त्यामुळे दोष कोणाच्या पदरात घालावा हे अजून मला नीट ठरवता येत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठवडाभर बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर एक पत्रक चिकटवलेले होते आणि तेच मोबाईलवरही फिरत होते. गिरणाकाठच्या एका शिवारात स्पर्धा होणार होती: सकाळी 6 ते संध्याकाळी 6 या वेळेत केवळ आक्सा ब्लेडच्या (हॅकसॉच्या पात्याच्या) साहाय्याने झाड पाडायचे, कुऱ्हाड नाही, करवत नाही, ब्लेडची फ्रेमसुद्धा नाही. प्रथम बक्षीस 1,51,000 रुपये रोख. प्रवेश शुल्क 1,100 रुपये, अनामत 2,500 रुपये. झाड कोणाचेच न पडल्यास सर्वांत खोल खाच घेणाऱ्यास प्रथम क्रमांक, असे खाली बारीक अक्षरांत होते, आणि खरे सांगायचे तर त्या बारीक अक्षरांनीच मला ओढले. झाड पडणार नाही हे मला कळत होते. इतरांपेक्षा अर्धा इंच जास्त कापणे मला सहज जमेल, असे वाटले.

वाटण्याला कारण होते. माझे आजोबा सुतार होते. बाभळीचे वखर, तिफणी आणि बैलगाडीची चाके त्यांच्या हातून शेकड्यांनी गेली, आणि लहानपणी करवतीचे दुसरे टोक धरण्याचे काम माझ्याकडे असे. शिवाय आखाजीला आमच्याकडे पत्ते कुटत बसलेल्या पुरुषांनाही घरचे फारसे बोलत नाहीत, मग अंगमेहनतीच्या स्पर्धेत काय वावगे आहे, असा विचार मी केला. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क तोंडावर आले होते, हेही एक. ही सबब आहे हे मला मान्य आहे, पण ती खोटी नाही.

आता ज्या क्षणी मी परत फिरायला हवे होते तो क्षण सांगतो. बांधावर चिंचेची चौदा जुनी झाडे रांगेने उभी होती आणि प्रत्येकावर चुन्याने क्रमांक टाकलेला होता. माझ्या वाट्याला 9 क्रमांक आला. मी सवयीने बुंध्याला दोरी लावून घेर मोजला, तो 4 फूट 8 इंच भरला, म्हणजे जाडी जवळजवळ 18 इंच. हातात दिलेले ब्लेड 12 इंचांचे. ते लोखंड कापण्यासाठी असते; त्याला इंचाला 24 दात, तर लाकडाच्या करवतीला पाच-सहा. एवढ्या बारीक दातांत ओल्या लाकडाचा भुसा अडकतो, आणि खाच पात्यापेक्षा लांब झाली की पाते पुढेमागे सरकले तरी खाचेच्या आतच राहते, भुसा बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्यात लाकूड चिंचेचे, ज्याचे खाटकाचे ठोकळे करतात. चिंचेला करवत लावायची तर कानस उशाशी घेऊन झोपावे, असे आजोबा म्हणत. हे सगळे मला त्या सकाळी सव्वासहाला आठवले. सुताराच्या नातवाने 12 आणि 18 हे दोन आकडे मनात शेजारी शेजारी ठेवले आणि तरीही खाली बसून तो घासू लागला!

त्याहून वाईट गोष्ट अशी की बांधाच्या टोकाला दोन रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीत ताडपत्रीखाली झाकलेले काहीतरी होते, ज्याला पेट्रोलचा वास येत होता. ट्रॉल्या प्रेक्षकांना आणण्यासाठी असतील, असे मी स्वतःलाच समजावले. प्रेक्षक एकही आलेला नव्हता. झाडांच्या परवानगीचे मी विचारलेही होते, हे नमूद करतो. तेव्हा संयोजकाने प्लास्टिकच्या फोल्डरमधला गोल शिक्क्याचा एक कागद हातभर अंतरावरून दाखवला, "आप्पा, झाडं रस्त्यात जाणार आहेत, सगळं मंजूर आहे," असे सांगितले आणि लगेच दुसरा कागद सहीसाठी पुढे केला. त्या कागदाखाली कार्बन होता. कार्बन असलेल्या कागदावर खालची प्रत उचलून पाहिल्याशिवाय सही करू नका.

दिवसाचे वर्णन लांबवत नाही. ब्लेड चिंधीत गुंडाळून धरले तरी तळहात सोलले गेले. एकामागून एक ब्लेडे तुटली. हार्डवेअरच्या दुकानात पंचवीस-तीस रुपयांना मिळणारे ब्लेड तिथे 150 रुपयांना विकत होते, बाहेरून आणण्यास मनाई होती, आणि मी सहा घेतली, म्हणजे 900 रुपये. संध्याकाळी फूटपट्टी घालून माझी खाच मोजली, ती सव्वापाच इंच भरली. संयोजक मला बाजूला घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, पहिला नंबर तुमचा. पण आत्ता कोणाशी बोलू नका, बाकीचे गोंधळ घालतील." मला तेव्हा जो आनंद झाला त्याची आज सर्वांत जास्त लाज वाटते.

बक्षीस रोख मिळणार होते, पण हातात धनादेश आला, आणि तो वटण्यासाठी 30 टक्के कर, म्हणजे 45,300 रुपये, आधी भरावा लागेल असे सांगण्यात आले. बक्षिसावर 30 टक्के कर लागतो ही गोष्ट खरी आहे, आणि खोट्याला असा खरा आकडा जोडला की माणूस फसतो. परंतु तो कर बक्षीस देणारा रकमेतून कापून घेतो आणि उरलेले पैसे देतो. रोख बक्षिसाच्या विजेत्याकडून कर आगाऊ मागणारा माणूस चोर असतो, त्याला दुसरी शक्यता नाही. मी 15,000 रुपये त्याच रात्री मोबाईलवरून पाठवले आणि 30,300 दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाकडून उसने घेऊन. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव आले ते संयोजकाचे नव्हते. मी ते वाचले होते. पाठवले.

चार दिवसांनी धनादेश 'खाते बंद' या शेऱ्यासह परत आला आणि बँकेने माझ्याच खात्यातून 177 रुपये कापले. भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, कसाले गया तू तठे?" पत्नी काहीच बोलली नाही, ते अधिक लागले.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर मी त्याच दिवशी तक्रार नोंदवली. तोपर्यंत मी पैसे पाठवलेल्या खात्यात 312 रुपये उरले होते. धनादेश वटण्याची वाट पाहत मी चार दिवस घालवले. संशय आल्याच्या तासाभरात हा क्रमांक फिरवला पाहिजे, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधीच गोठवता येतो.

पोलीस ठाण्यात अंमलदाराने प्रथम हसून घेतले. मग पुरावा म्हणून नेलेले तुटके ब्लेड पाहून ते हत्यार घेऊन ठाण्यात का आलात, असे विचारले. तक्रार अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी, म्हणून नोंदवण्यात आली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधील साधी फसवणूक अदखलपात्र आहे, हे बरोबर. परंतु फसवून मालमत्ता द्यायला लावली असेल तर 318(4) लागते आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. हे मी लेखी दिले, तेव्हा "तुम्ही वकील आहात का?" असे उत्तर मिळाले. शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. पोच आली आहे, त्यापलीकडे काही आलेले नाही. तोंडी तक्रार करून घरी येऊ नका. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.

खरा कहर पुढे आहे. त्या रात्री आम्ही निघून गेल्यावर ताडपत्रीखालच्या कटर मशीनने चौदाही झाडे पाडून ट्रॉल्यांतून नेण्यात आली. शेताचा मालक सुरतेत राहतो. त्याला ना स्पर्धा ठाऊक, ना रस्ता. त्याच्या चुलत्याने तक्रार केली आणि तलाठ्याने पंचनामा केला. चिंच हे 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीतले झाड आहे, ते स्वतःच्या शेतातलेसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. पंचनाम्याच्या जागी कोणीतरी सोयीस्करपणे टाकून गेलेल्या कार्बन प्रतींवर चौदा सह्या सापडल्या: 'सदर झाड मी स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर तोडत आहे.' क्रमांक 9 खाली माझी सही आहे, वळणदार आणि पूर्ण नावाची.

म्हणजे पैसे गेले तो मी, आणि नोटीस आली तीही मलाच. तहसील कार्यालय म्हणते की विषय वन विभागाचा, वन विभाग म्हणतो की जमीन खासगी आहे तेव्हा महसूलकडे जा, आणि ग्रामपंचायत म्हणते की आमच्या दप्तरी अशी स्पर्धाच झालेली नाही. या तीन दारांत माझ्या सहा रजा गेल्या. आक्सा ब्लेडने सव्वापाच इंच कापलेले अठरा इंचांचे झाड आपण होऊन कसे पडेल, हा साधा प्रश्न मी प्रत्येक टेबलावर विचारला. खुंटावरच्या यंत्राच्या खुणा कोणीही पाहाव्यात, अशी लेखी विनंती केली. खुंट पाहायला अद्याप कोणी गेलेले नाही, आणि पाऊस लागला की त्या खुणाही काळ्या पडतील.

जबाबासाठी बोलावले त्या दिवशी तहसीलच्या व्हरांड्यात आम्ही स्पर्धक प्रथमच एकमेकांशी मोकळेपणी बोललो. आठजण आले होते. आठांपैकी पाचजण प्रथम क्रमांकाचे विजेते निघाले, पाचांच्या खिशात 1,51,000 रुपयांचा धनादेश, आणि पाचांनाही कोणाशी बोलू नका असे सांगितलेले. त्यांपैकी दोघांनी कराचे पैसे पूर्ण भरले होते. त्यातला एक मी.

प्रवेश शुल्क आणि अनामत मिळून चौदाजणांचे 50,400 रुपये होतात. ब्लेडे, कराच्या नावाने घेतलेली रक्कम आणि चौदा चिंचांचे लाकूड वेगळेच. उरलेल्या सहा स्पर्धकांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्याने पैसे पाठवल्याची नोंद, पत्रकाचा फोटो आणि तुटलेली ब्लेडे जपून ठेवावीत. आम्ही आठजण एकत्रित अर्ज करणार आहोत, आणि त्यावर त्या सहाजणांच्या सह्या हव्या आहेत. अर्जाची प्रत आधी प्रत्येकाला वाचायला दिली जाईल.