शक्ती सदन की भाड्याची खोली?

सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न: घराबाहेर काढलेली १९ वर्षांची पोर, कडेवर तान्हं बाळ. तिला शक्ती सदनात, म्हणजे संकटातल्या बायकांसाठीच्या सरकारी योजनेतल्या निवारागृहात न्यावं, की विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत खोली बघून द्यावी?

खर्चात तुलनाच नाही. सदनात राहणं, जेवण, औषधपाणी, कायद्याची मदत फुकट. खोलीला आधी डिपॉझिट, मग दरमहा भाडं. त्यासाठी घरात विड्या वळायच्या, तर तंबाखूची धूळ बाळाच्या नाकात. बाहेर कामाला जावं, तर बाळ कुणाकडे? मात्र सदनात नवऱ्याला जागा नाही, आणि तिथले नियम पाळावे लागतात.

नवरा-बायको एकत्र असतील आणि एकाची तरी रोजी पक्की असेल, तर खोली. एकटी असेल तर आधी सदन. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. १८च्या आतली असेल तर सदन हा पर्यायच नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, निर्णय बाल कल्याण समितीचा.