गोड्या पाण्यासाठी डोळे मिटून जा, खाऱ्यासाठी आधी चार प्रश्न विचारा

टिळकवाडीतल्या या शोभेच्या माशांच्या दुकानाला पाचात साडेतीन स्टार देतो, आणि त्यातले तीन बाहेरच्या खोलीचे आहेत.

बाहेरची खोली म्हणजे गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश. टाक्या स्वच्छ, मेलेला मासा तरंगताना दिसत नाही. बेळगावात फिरून बघा, म्हणजे हे कौतुक कशाला करतोय ते कळेल. करंट गेला तरी एअर पंप चालू राहतात. कामाला असलेला पोरगा पिशवी भरायच्या आधी चिमूटभर दाणे टाकून मासा खातोय का ते दाखवतो. भाव खडेबाजारापेक्षा थोडे चढे आहेत, पण मासा टिकतो. शिवाय गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक सगळे तळ्यात, टाक्यांत पैदास केलेले असतात. घेताना मन खात नाही.

आतल्या खोलीत निळे दिवे आणि खारं पाणी. इथलं गणित बरोबर उलटं. समुद्री शोभेचे मासे बहुतेक प्रवाळावरनं धरून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2003 च्या अहवालात जगभरात वर्षाला 2 ते 2.4 कोटी समुद्री मासे या धंद्यात फिरतात असा अंदाज दिलाय.

पुतणीला क्लाऊन मासा हवा होता. टाकीवर चिठ्ठी, 'निमो, 700'. मालकांना विचारलं, हॅचरीचा, म्हणजे पैदास केंद्रातला, की समुद्रातनं धरलेला?

"असं कोण इचारत नाही ओ. चेन्नईहून आलाय."

पेटी चेन्नईहून आली हो, मासा कुठनं आला? तोंड वाकडं न करता त्यांनी माझ्यासमोरच पुरवठादाराला फोन लावला. याचा अर्धा स्टार. हॅचरीचाच निघाला. मीही टाकीपाशी वाकून बघितलं: सगळे एका मापाचे, दाण्यावर तुटून पडणारे, आणि एकाचा मधला पांढरा पट्टा अर्ध्यातच तुटलेला. पैदाशीच्या क्लाऊनमध्ये असे बिघडलेले पट्टे बरेच दिसतात. आपल्याकडे सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, क्लाऊनची पैदास कधीच जमवलीय. त्यामुळे समुद्रातला क्लाऊन घ्यायचं कारणच उरत नाही. जोडी घेतली, मजेत आहे.

शेजारच्या टाकीत ब्लू टँग होता. रंग झकास, पण पोट आत गेलेलं आणि दाण्याकडे ढुंकून बघत नव्हता. तो नुसता प्रवासानं दमला होता की आणखी काही, हे काचेबाहेरून सांगता येत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. 1960 च्या दशकात फिलिपिन्समध्ये सायनाइडने मासे धरायला सुरुवात झाली, मग ते इंडोनेशियात पसरलं. पाणबुड्या सोडियम सायनाइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवतो आणि पिचकारीच्या बाटलीनं प्रवाळाच्या फटीत मारतो. मासा गुंगतो, हातानं उचलता येतो. आत अडकला तर प्रवाळ फोडून काढतात. ज्या प्रवाळाला ते पाणी लागतं ते पांढरं पडतं, पुष्कळदा मरतं. मासा मात्र लगेच मरतोच असं नाही. कित्येकदा तो गिऱ्हाइकाच्या घरी येऊन काही आठवड्यांनी जातो, आणि गिऱ्हाईक बिचारं पाण्याला नाहीतर फिल्टरला दोष देत बसतं. बंदी आहे, तरी प्रकार पुरता थांबलेला नाही.

जाळीनं धरला तरी कुठला मासा किती काढला यावर सगळं आहे. टँग जातीचे मासे प्रवाळावरचं शेवाळ खातात. ते कमी झाले की शेवाळ माजतं आणि प्रवाळाच्या नव्या पिल्लांना जागा उरत नाही. इथे बंगाई कार्डिनलही ठेवलेत. इंडोनेशियातल्या बंगाई बेटांभोवतीच्या छोट्याशा टापूतला हा मासा. नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं थोडी. इतके उपसले गेले की 2007 मध्ये तो संकटग्रस्त यादीत गेला. याचीही पैदास होते, पण इथला कुठला हे फोनवर कळलं नाही. ठेवून आलो.

सगळा धंदाच बंद करा असं म्हणणारा मी नाही. प्रवाळाला सगळ्यात मोठा मार समुद्र तापल्याचा बसतोय, आणि जाळीनं, मोजून धरलेल्या माशावर किनाऱ्यावरची घरं चालतात. हवाईत 1999 च्या अखेरीस पश्चिम किनाऱ्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग या मासेमारीला बंद केला, तिथे पिवळे टँग पुन्हा वाढले. ब्लू टँगचीही 2016 मध्ये फ्लोरिडात पैदास जमली, पण तसला मासा आपल्या बाजारात अजून तरी मला दिसलेला नाही. तोवर टँग नको.

एक मात्र मानलं. टाक्यांतलं प्रवाळ सगळं रेझिनचं, त्यावर शेवाळ चढून ते खऱ्यासारखंच दिसायला लागलंय. एका गिऱ्हाइकाने जिवंत कोरल मागितलं तर मालकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. दगडी प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं गेलं, समुद्रघोडाही.

टाकीवरच्या चिठ्ठीत भावाच्या खाली 'हॅचरी' नाहीतर 'समुद्र' एवढं लिहिलं तर उरलेला दीड स्टार मी स्वतः येऊन वाढवीन. मालकांना सांगून आलोय, "बघू की" म्हणालेत. खाऱ्या पाण्याचं विचारायचं असेल तर संध्याकाळी जा, मालक तेव्हाच असतात. गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढे जागा मिळत नाही.