वाल्मेट ४१२ कॉम्बी: दोन हंगाम वापरल्यावर

ऑक्टोबरअखेर, फिनलंडमधल्या ओउलूजवळचं जंगल, उणे आठ. शेजारच्या आजोबांची फिनिश स्पिट्झ कुत्री एका पाइनखाली जीव तोडून भुंकत होती आणि शेंड्यावर मेत्सो, म्हणजे इथला मोठा रानपक्षी, बसलेला, चांगला चार किलोचा नर. अंतर ऐंशी मीटर. हातात कॉम्बी बंदूक: वर छर्ऱ्यांची नळी, खाली रायफलची. निवांत नेम धरला, चाप ओढला, आणि खालच्या नळीतून .२२२ ची गोळी सुटायच्या ऐवजी वरच्या बारा बोअरचा बार उडाला. पक्षी गेला. काडतूस बिस्मथच्या महागड्या छर्ऱ्यांचं, त्यामुळे पैसेही गेले.

नळी निवडायची खुंटी चापावरच बसवलीय, नखाएवढी! हातमोजा घातला की ती डावीकडे आहे की उजवीकडे, काही कळत नाही. थंडीच्या देशात बनवलेल्या बंदुकीत हे कुणाला कसं सुचलं असेल?

आता बिस्मथच का, तर फेब्रुवारी २०२३ पासून युरोपियन युनियनमध्ये पाणथळ जागी आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे वापरता येत नाहीत. इथे दर दुसऱ्या पावलाला दलदल. स्टीलचे छर्रे स्वस्त पडतात, पण जुन्या, घट्ट चोकच्या (तोंडाशी अरुंद) नळीत ते घालायची माझी हिंमत नाही.

पहिला हंगाम संपला तेव्हा मी ही बंदूक विकायला काढणार होतो. त्यात चापाची स्प्रिंग तुटली. वाल्मेटने बंदुका बनवणं कधीच थांबवलंय; पुढे टिक्का नावाने आलेली ५१२ तर इटलीत बनायची. दुरुस्तीवाल्याने तीन आठवडे लावले, दोनदा फोन केला तर "बघतो" म्हणाला आणि बिल मात्र वेळेवर पाठवलं.

पण परत आल्यावर रेंजवर नेली आणि मत डळमळलं. दोन्ही नळ्या मधे मोकळ्या आहेत, फक्त पुढच्या टोकाशी जोड. तिथे जुळवून घेतल्यावर गोळी आणि छर्रे एकाच जागी जातात. लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या तरी नेम फारसा सरकला नाही. साडेसहाशे युरोला जुनी घेतलेली, त्या किमतीत एवढं मिळणं म्हणजे लॉटरीच. रुपयात हिशोब करायचं मी तेवढ्यापुरतं टाळतो.

खुंटीबद्दल आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "छर्ऱ्यांवरच ठेव. झाडावरचा पक्षी वेळ देतो, उडता देत नाही." म्हणजे बदल करायचा तो कुत्री भुंकत असताना, दबकत जाताना. बरोबर आहे. मग माझ्या त्या बारात खोट बंदुकीची की माझी? दोघांचीही म्हणू.

तरी खुंटी नखाएवढीच आहे हे माझं म्हणणं कायम. यंदा तिच्या एका बाजूला बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय: लाल दिसला तर गोळी. दोन मेत्सो मिळाले. नेलपॉलिशची बाटली अजून माझ्याच जॅकेटच्या खिशात आहे, आणि हिला ते माहीत नाही.