आठ महिन्यांत गप्प झालेला अॅम्प: पहिल्या बेस गिटारचं माझं वर्ष

मागच्या नोव्हेंबरात बेस गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, म्हणजे अॅम्प, घेतला, तेव्हा वर्ष झाल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. जुलैत अॅम्प बंद पडला नसता तर आज मी बहुतेक गिटारबद्दलच लिहिलं असतं. आता मला सगळ्यात आधी हेडफोनच्या जॅकबद्दल लिहायचं आहे. दुकानात मी लाकूड, पिकअप (तारेची थरथर टिपणारं चुंबक), वॉट या सगळ्याची चौकशी केली. त्या जॅककडे ना मी पाहिलं, ना दुकानदारानं दाखवला. आणि वर्षभरात माझा सगळ्यात जास्त संबंध आला तो त्याच्याशीच.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. दीड खोली, वर-खाली-शेजारी माणसं. मी ऑफिसातून साडेसातला घरी येते, जेवणं उरकून वाजवायला बसेपर्यंत दहा होतात. पहिल्या आठवड्यात मी अॅम्पचा आवाज अगदी दोनवर ठेवून वाजवत होते आणि कोणाला त्रास होत नसणार अशी माझी खात्री होती. चौथ्या दिवशी खालच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "अगं, रात्री तुमच्याकडे काही ठोकतात का? यांना झोप लागत नाही." त्यांना सूर ऐकू येतच नव्हता, नुसते धक्के पोचत होते. खालचे स्वर असेच वागतात. भिंत आणि स्लॅब वरचे स्वर अडवतात, खालचे बऱ्यापैकी सोडून देतात. शिवाय अॅम्प जमिनीवर ठेवलेला, म्हणजे पेटीचं थरथरणं थेट लादीत. त्या रात्रीपासून हेडफोन लावला तो आजपर्यंत.

आणि इथे एक अनपेक्षित आनंद मिळाला. बेसची सगळ्यात जाड तार, ई, मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. माझा अॅम्प १५ वॉटचा, आठ इंची स्पीकरचा. एवढ्या लहान पेटीतून ४१ हर्ट्झ जवळजवळ बाहेर पडतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वर, ८२, १२३ असे, आणि त्यावरून कान खालचा स्वर स्वतःच ओळखून घेतो. कान पूर्ण झाकणारा तारेचा हेडफोन लावल्यावर मला पहिल्यांदा ती तार खरोखर ऐकू आली. छातीत जाणवल्यासारखी. अॅम्पच्या स्पीकरपेक्षा चांगला आवाज, तोही दीड हजाराच्या हेडफोनमधून. मुलाचा ब्लूटूथवाला हेडफोनही मी फोनमधून जोडून पाहिला. तो इथे बिनकामाचा, कारण तार छेडल्यावर आवाज कानात उशिरा येतो आणि ताल हातातून सुटतो.

आता थोडं गिटारबद्दल. यामाहाची टीआरबीएक्स १७४ घेतली. तिची माहिती सगळीकडे आहे, तेव्हा फक्त निवडताना काय अडलं ते सांगते. माझी उंची पाच फूट एक, हात लहान. क्लासमधल्या दोघींनी सांगितलं होतं की शॉर्ट स्केलच घे, म्हणजे तारेची वाजणारी लांबी (स्केल) कमी असलेली. नेहमीच्या ३४ इंची बेसवर पहिला फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) साधारण ४८ मिलिमीटरवर येतो, ३० इंची शॉर्ट स्केलवर ४३ वर. पाच मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण चार बोटं चार फ्रेटवर पसरायची म्हटली की तो फरक मनगटात कळतो. दुकानात आयबानेझची छोटी मायक्रो होती, २८.६ इंचाची. हातात घेतली तेव्हा फार सोपी वाटली. मी जवळजवळ तीच घेणार होते. मग ई तार ढिली ढिली वाटायला लागली. स्केल आखूड झालं की त्याच सुरासाठी तारेचा ताण कमी होतो. एकदा घेतली की दहा वर्षं बदलायची नाही हा आमच्या घरचा नियम, म्हणून ३४ इंची उचलली.

पहिले दोन महिने मला या निर्णयाचा पश्चात्ताप झाला, हे लपवत नाही. करंगळी दुखायची, अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. जानेवारीत सरांनी डबल बेसवाल्यांची १-२-४ पद्धत दाखवली. खालच्या फ्रेटवर चार बोटं ताणायची नाहीत. तर्जनी, मधलं बोट, आणि अनामिका-करंगळी एकत्र, असे तीन फ्रेटच धरायचे आणि पुढच्यासाठी हात सरकवायचा. पंधरा दिवसांत दुखणं गेलं. म्हणून लहान हाताच्या बायकांना दुकानदार लगेच छोटी बेस दाखवतात त्याला भुलू नका. आधी ही पद्धत आठवडाभर करून पाहा, मग ठरवा.

गिटारवर खर्च केलेल्या पैशांत सगळ्यात सार्थकी लागलेले आठशे रुपये सेटअपचे, म्हणजे मान आणि तारांची उंची जुळवून घेण्याचे. घरी आणली तेव्हा बाराव्या फ्रेटपासून ई तार चांगली साडेतीन मिलिमीटर वर होती, दाबायला जोर लागायचा. सरांच्या ओळखीच्या माणसानं ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) आणि ब्रिज (तारा दुसऱ्या टोकाला टेकतात तो भाग) जुळवून ती सव्वादोनवर आणली. वेगळंच वाद्य झालं. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, मान जराशी हलते आणि तारा खडखडायला लागतात. माझ्याकडे जूनच्या शेवटी तसं झालं आणि पुन्हा एकदा जुळवून घ्यावं लागलं. तेव्हा वर्षाला दोन सेटअप धरूनच हिशेब करा. तारा मात्र गंजल्या. मुंबईची हवा आणि हाताचा घाम. नवा संच दीड-दोन हजारांच्या घरात जातो म्हणून मी एकदा जुन्याच तारा काढून पातेल्यात दहा मिनिटं उकळल्या. मळ निघतो, आवाज पुन्हा खणखणीत होतो, पण तीन आठवड्यांत होता तिथे येतो. वाजवून झाल्यावर दर वेळी सुती फडक्यानं पुसणं, हाच स्वस्त उपाय.

नेण्या-आणण्याचंही सांगायला हवं. बॅगेसकट साधारण सव्वा मीटर लांबी आणि चार-पाच किलो वजन. दादरला क्लासला जाताना संध्याकाळी बायकांच्या डब्यात ती घेऊन चढणं शक्य नाही. रविवारी सकाळीच जाते, बॅग पुढे उभी धरून, मानेची बाजू वर. अॅम्प क्लासला नेत नाही.

तर जुलै. एका रविवारी काकू गावी गेल्या होत्या म्हणून स्पीकरवर वाजवायचं ठरवलं. हेडफोनची पिन काढली आणि अॅम्पमधून काहीच आवाज नाही. दिवा लागतोय, बटणं फिरतायत, आवाज शून्य. पिन परत घातली तर फक्त डाव्या कानात, आणि पिन पिळली की खरखर. वॉरंटी एक वर्षाची, वापर आठ महिन्यांचा. मी निश्चिंत होते.

अॅम्प उचलून जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यानं रिक्षा करून अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. जाऊन-येऊन पाचशेच्या वर. तिथल्या मुलानं मागचा पत्रा उघडला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, लिक्विड डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही." जॅकच्या पितळेवर हिरवट थर होता, तो त्यानं मला दाखवला. मी सांगितलं की या अॅम्पजवळ मी पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवत नाही, तो थर दमटपणाचा आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पितळी डब्यावर जुलैत तोच थर असतो. त्यानं ऐकून घेतलं आणि आतला सर्किट बोर्ड बदलायचे ३,२०० रुपये लिहून दिले. अॅम्प साडेआठ हजारांचा. मी लेखी मागितलं की पाणी गेल्याचा पुरावा काय. ते देता येत नाही म्हणाला. मुंबईत विकायला ठेवलेली वस्तू मुंबईच्या पावसाळ्यातल्या हवेत टिकत नसेल, तर तो वापरणाऱ्याचा दोष कसा? मी तिथे तासभर हाच प्रश्न विचारत उभी होते. अॅम्प परत घेऊन आले. कंपनीला दोन मेल केले. पहिल्याला ठरावीक उत्तर आलं, दुसऱ्याला अजून नाही.

तेव्हा मी या अॅम्पबद्दल फार वाईट लिहिलं असतं. ते मत आता अर्धं बदललं आहे आणि त्याचं श्रेय लॅमिंग्टन रोडच्या एका दुरुस्तीवाल्या काकांना. ऑफिस फोर्टला, त्यामुळे ग्रँट रोडला उतरणं सोपं. मागच्या बाजूच्या गाळ्यात एक स्टूल, सोल्डरिंग आयर्न आणि उघडलेले टेपरेकॉर्डर. त्यांनी आधी हेडफोन लावून ऐकलं आणि लगेच म्हणाले, "ताई, तुमचा अॅम्प मेलेला नाही. एका कानात का होईना आवाज येतोय, म्हणजे आतलं सगळं चालू आहे."

मग त्यांनी जे समजावलं ते दुकानात पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं. अशा लहान अॅम्पमध्ये स्पीकरकडे जाणारा आवाज हेडफोनच्या जॅकमधूनच पुढे जातो. जॅकच्या आत पातळ स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. पिन घातली की पट्टी बाजूला ढकलली जाते आणि स्पीकर तुटतो. पिन काढली की पट्टी परत जागेवर टेकते आणि स्पीकर चालू होतो. ती पट्टी कायम ढकललेली राहिली, ढिली झाली किंवा तिच्यावर थर बसला की ती टेकल्यासारखी दिसते पण वीज पुढे जात नाही. माझी पिन महिनोन् महिने आतच असायची. पट्टी रोज अंग चोरून बसलेली आणि वरून जुलैची हवा.

त्या दिवशी त्यांनी कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला, पिन वीसेक वेळा आत-बाहेर केली आणि स्पीकर बोलायला लागला. शंभर रुपये. मी आनंदात घरी आले आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच. परत गेले तेव्हा त्यांनी बोर्ड बाहेर काढून भिंगाखाली धरला. जॅकचे पाय जिथे बोर्डाला सोल्डर केले होते तिथे बारीक गोल भेगा होत्या. खरा दोष तो. हा साडेतीन मिलिमीटरचा जॅक पेटीच्या पत्र्याला नटानं आवळलेलाच नव्हता, नुसत्या सोल्डरवर उभा होता. हेडफोनच्या तारेला बसलेला प्रत्येक हिसका थेट त्या सोल्डरला. ज्या बिळात रोज पिन जाणार ते बोर्डाच्या भरवशावर सोडायचं आणि गिटारच्या केबलच्या जॅकला मात्र जाड नट लावायचा, हे मला अजून पटत नाही. नटाचे दोन रुपये वाचवले असतील.

काकांनी तो जॅक काढून टाकला. पत्र्याचं भोक मोठं केलं, जाड पिनचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा, नटवाला जॅक बसवला आणि बोर्डापर्यंत वायरी ओढल्या. साडेतीनशे रुपये आणि हेडफोनला लावायचा साठ रुपयांचा अॅडॉप्टर. वॉरंटी गेली, पण ती तशीही नव्हतीच. ऑगस्टपासून आज नोव्हेंबरपर्यंत रोज वापरते आहे, खरखर नाही, दोन्ही कान सारखे. झोपायच्या आधी पिन काढून ठेवते, म्हणजे पट्टी मोकळी राहते. अॅम्पखाली जुन्या योगा मॅटचे चार तुकडे घातले आहेत.

आता कोणी विचारलं तर मी सांगते की पहिले सहा महिने अॅम्प घेऊच नका. गिटारच्या तोंडात थेट बसणारा छोटा हेडफोन अॅम्प मिळतो, व्हॉक्सचा अॅमप्लग त्यातला, दोन बारीक सेलवर चालतो. चाळीत, म्हाडाच्या इमारतीत, टॉवरात, कुठेही रात्री दहानंतर तुम्ही हेडफोनवरच वाजवणार. वाचलेल्या पैशांत सेटअप करा आणि हेडफोन चांगला घ्या. १५ वॉटचा अॅम्प ड्रमसमोर तसाही ऐकू येत नाही, क्लासच्या कार्यक्रमात मी ते अनुभवलं. पुढे बँडमध्ये वाजवायची वेळ आली तर मोठा घ्यावाच लागतो.

आणि तरीही अॅम्पच हवा असेल तर दुकानात स्वतःचा हेडफोन घेऊन जा. जॅकभोवती नट दिसतो का बघा. पिन घालून हलकेच चारी बाजूंना हलवा, दोन्ही कानांत आवाज राहतो का ऐका. मग पिन काढा आणि स्पीकर लगेच बोलतो का बघा, असं दहा वेळा करा. दुकानदार कंटाळला तरी करा. जॅक पेटीच्या मागच्या बाजूला असेल तर तो अॅम्प सोडून द्या, कारण भिंतीला टेकवल्यावर पिन वाकते.

परवा काकू पुन्हा जिन्यात भेटल्या. विचारत होत्या, "वाजवायचं सोडलंस का गं?"