तीन वजनांचा मेथड फीडर संच: तलावावरच्या कार्प स्पर्धेत कितपत कामाचा?

मेथड फीडर म्हणजे चारा दाबून बसवायचा आणि तळावर जाऊन बसणारा शिशाचा चपटा सांगाडा. २०, ३० आणि ४० ग्रॅमचे तीन चपटे फीडर, त्यांवर चारा दाबायचा एक साचा, दोन रबरी मणी आणि हुक बांधून ठेवलेले लाइनचे दोन तुकडे, असा हा संच आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातल्या टॅकलच्या (गळाच्या सामानाच्या) दुकानांत आणि ऑनलाइन तो निरनिराळ्या नावांच्या पाकिटांत मिळतो. आतला माल बहुतेक वेळा सारखाच असतो, म्हणून इथे नाव बाजूला ठेवून मालाबद्दल लिहितो आहोत. मुंबईतल्या पवई तलावासारख्या थांबलेल्या पाण्यावर, एकूण वजनावर निकाल लागणाऱ्या पाच तासांच्या क्लब स्पर्धेत हा संच उपयोगी पडतो का? पडतो. फीडर आणि साचा ठेवायचे, हुकाचे तुकडे टाकून द्यायचे आणि मण्यावर दहा मिनिटं काम करायचं, एवढी तयारी मात्र घरी झाली पाहिजे.

कोणत्या माशासाठी घेताय ते आधी ठरवा. आपल्याकडे ‘कार्प’ या एका शब्दात वेगवेगळ्या सवयींचे मासे येतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि तो वरच्या थरातले तरंगते सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरातला. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी चरतात. मेथड फीडर तळावर जाऊन बसतो, त्यामुळे सायप्रिनस आणि मृगळ हे त्याचे हक्काचे मासे. पेंडीच्या वासाने रोहूही खाली उतरतो. कटल्यासाठी हा संच घेऊ नका. पाण्यावर कटला उलटताना दिसत असेल आणि नियमांत दुसरा रॉड बसत असेल, तर त्याच्यावर फ्लोट लावून आमिष पृष्ठभागाखाली एक ते दीड मीटरवर ठेवा. तळावर फीडर टाकून त्या कटल्याची वाट पाहण्यात तास फुकट जातो.

संचातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे साचा. खोलगट भांडं आणि खाली दाबायचं बटण, बस. साच्याच्या तळाशी आधी हुकावरचं आमिष ठेवायचं, वर ओला चारा काठोकाठ भरायचा, त्यावर फीडर उपडा ठेवून अंगठ्याने दाबायचा, साचा पालथा करायचा आणि बटण दाबायचं. वडी सुटते तेव्हा आमिष बरोबर तिच्या माथ्यावर असतं, हुकाचं टोक चाऱ्यात झाकलेलं असतं आणि प्रत्येक वडी तेवढीच भरते. स्पर्धेत हे फार मोलाचं आहे. हाताने लाडू वळला की एक ६० ग्रॅमचा होतो, पुढचा ३० चा, आणि फेकीचं अंतर दर वेळी बदलतं. साच्याची खोड एकच: प्लॅस्टिक कडक आहे, त्यामुळे चारा थोडा वाळला की वडी आत चिकटते आणि निघताना कोपरा तुटतो. शेजारी पाण्याचा वाडगा ठेवा, दर तीन-चार वड्यांनंतर साचा बुडवून झटका.

पाकिटावर ३० ग्रॅम लिहिलेलं असतं ते कोऱ्या फीडरचं वजन. वर ४० ते ५० ग्रॅम ओला चारा बसतो, म्हणजे रॉडवर येणारं वजन ७० ते ८० ग्रॅम. रॉडवर ६० ग्रॅमची मर्यादा छापलेली असेल आणि ४० चा फीडर भरून जोरात फेकला, तर टोक तुटतं. हे न बघता रॉडच्या नावाने ओरड करणारे बरेच आहेत. वरळी-वांद्र्याच्या खडकांवर वापरतात तो ताठ समुद्री रॉड वजन सहज फेकेल, पण इथे तो चालत नाही. हुकाच्या दहा सेंटिमीटरच्या आखूड तुकड्याला लवचीकपणा नसतो, तो रॉडनेच द्यावा लागतो. ताठ रॉडवर सायप्रिनसचं मऊ तोंड फाटतं आणि मासा काठाजवळ सुटतो. दहा-अकरा फुटी, टोकाकडून मधोमधपर्यंत वाकणारा फीडर रॉड हवा.

तीन वजनांपैकी आमच्या मते २० चा फीडर सर्वात कामाचा. पवईचा तळ गाळाचा आहे. मऊ गाळात जड फीडर रुततो आणि आमिष चिखलाखाली जातं. वीस-पंचवीस मीटरच्या फेकीला २० पुरतो. दुपारी पश्चिमेकडून खारा वारा सुटला आणि लाइनला पोट पडायला लागलं की ३० लावा. ४० चा या संचातला फीडर आम्हाला पटला नाही. त्याचं शिसं बुडाला सपाट बसवलेलं नाही, एका कडेला उंचवटा आहे, आणि तो तळावर कलतो. घरी बादलीत पाणी घेऊन प्रत्येक फीडर दहा वेळा सोडून बघा. दर वेळी तो शिशाच्या बाजूवर बसला पाहिजे आणि वडी वर राहिली पाहिजे. जो वारंवार कुशीवर पडतो तो स्पर्धेला नेऊ नका.

आता सर्वात गंभीर दोष. रबरी मणी फीडरच्या शेपटीत खुपसायचा असतो, त्यात हुकाचा तुकडा अडकतो. मासा आमिष घेऊन दहा सेंटिमीटर सरकला की फीडरच्या वजनाला अडतो आणि हुक आपोआप रुततो. त्यापुढे मणी शेपटीतून सुटला पाहिजे, म्हणजे फीडर लाइनवर मोकळा सरकतो. या संचातला मणी इतका घट्ट बसतो की दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय सुटत नाही. मुख्य लाइन तुटली तर माशाच्या तोंडाला हुकाबरोबर फीडरही लटकत राहील, तो जलपर्णीत कुठेतरी अडकेल आणि मासा तिथेच तडफडून मरेल. कटला, रोहू, मृगळ थांबलेल्या पाण्यात विणत नाहीत. तलावात असतात ते बीज सोडून वाढवलेले. असा एक मासा फुकट मेला तर तलाव त्याची भरपाई आपणहून करत नाही. म्हणून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने मणी थोडा थोडा घासा आणि दर वेळी तपासा: फीडर बोटांत धरून तुकडा हलका खेचला की मणी ‘टप’ करून निघाला पाहिजे, नुसत्या फेकीच्या झटक्याने मात्र निघता कामा नये.

याच कारणासाठी फीडरच्या वर कुठेही गाठ नको. समुद्रावरून येणाऱ्यांना ब्रेडेड (विणलेल्या) लाइनला पुढे जाड लीडर, म्हणजे जाड लाइनचा जोडतुकडा, बांधायची सवय असते. ती गाठ फीडरच्या नळीत अडकते आणि घासून सैल केलेल्या मण्याचा काही उपयोग राहत नाही. रीलपासून मण्यापर्यंत ०.२८ ते ०.३० मिमीची एकसंध मोनो (एकपदरी नायलॉन) लाइन लावा.

हुकाचे तयार तुकडे सरळ टाकून द्या. हुक जाड तारेचे आणि काट्याचे (टोकामागे उलटा दात असलेले) आहेत, शिवाय आमिष थेट हुकात खुपसायचं अशी त्यांची बांधणी आहे. सायप्रिनस चारा तोंडात ओढतो, पारखतो, नको ते फुंकून बाहेर टाकतो. आमिषात दडलेला हुक तो सहज फुंकतो. इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी १९८० च्या सुमारास याच सवयीवर हेअर रिग काढली: आमिष केसासारख्या शेपटीवर, हुक पूर्ण उघडा. घरी बांधायला सोपी आहे. ०.२२ ते ०.२५ मिमीची मोनो घ्या, म्हणजे मुख्य लाइनीपेक्षा बारीक, आणि ताण आला तर तीच आधी तुटेल. शेवटाला छोटा फास करा, दुसरं टोक हुकाच्या डोळ्यातून घाला, दांड्यावर ७-८ वेढे द्या आणि ते टोक मागच्या बाजूने पुन्हा डोळ्यातून काढा. हुक ८ किंवा १० नंबरचा, काटा नसलेला. आमिष आणि हुकाचा बाक यांत ३-४ मिमी अंतर ठेवा. पूर्ण तुकडा ८ ते १० सेंटिमीटर. वीस सेंटिमीटरचा केला तर मासा फीडरच्या वजनाला अडायच्या आत आमिष फुंकून टाकतो आणि रॉडच्या टोकावर नुसते टिचके दिसतात.

पाकिटाच्या मागे मिश्रणाची कृती छापलेली असते ती परदेशी पेलेटसाठी (तयार खाद्यगोळ्यांसाठी) आहे. आपले मासे तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांच्यावर वाढवलेले. मत्स्यशेतीत हाच खुराक देतात, वास त्यांच्या ओळखीचा आहे. एक किलो कोरड्या मिश्रणासाठी ४०० ग्रॅम कोंडा, ३०० ग्रॅम पेंड, २०० ग्रॅम डाळ्याचं पीठ आणि १०० ग्रॅम पावाचा वाळलेला चुरा घ्या. कोंडा हलका असतो, एकटा बांधला जात नाही. डाळ्याचं पीठ त्याला धरून ठेवतं. कोंडा पशुखाद्याच्या दुकानात सुटा मिळतो. पेंड लाकडी घाण्याच्या दुकानातून ताजी घ्या. कुबट वासाची, बुरशीचे ठिपके असलेली पेंड घेऊ नका, ती माशाला विषारी असते. पेंड कुटून २-३ मिमीच्या चाळणीतून काढा, खडा राहिला की वडी तिथे चिरते.

पाणी एका दमात घालायचं नाही. आधी ३०० मिली घालून कालवा, २० मिनिटं झाकून ठेवा, कोंडा पाणी पीत राहतो. मग शिंपडत शिंपडत आणखी १५० ते २०० मिली घाला आणि पुन्हा चाळा. तपासणी बादलीतच: वडी पाण्यात सोडल्यावर ३ ते ५ मिनिटांत विरघळून ढीग झाली पाहिजे. दहा मिनिटांनीही ती लाडवासारखी टिकून असेल तर पाणी जास्त झालं, मासा टोचून जाईल पण आमिषापर्यंत पोचणार नाही. पाण्यावर आपटताच फुटत असेल तर कोरडी. एप्रिल-मेच्या उन्हात टोपल्यावर ओलं फडकं हवंच, नाहीतर तासाभरात ओलेपणा बदलतो आणि सकाळी चालणारी वडी अकरा वाजता हवेतच फुटते.

किती लागेल? पहिला तास दर ५ मिनिटांनी फेक, पुढे दर १० मिनिटांनी, म्हणजे पाच तासांत ३६ फेकी. प्रत्येकी ४५ ग्रॅम धरले तर १.६ किलो ओला चारा. सव्वा किलो कोरडं मिश्रण पुरतं आणि थोडं उरतं. पहिल्या तासात मासा लागला नाही तरी फेकीचा वेग कमी करू नका, त्या तासात तुम्ही जागा बांधत असता, म्हणजे चारा टाकून मासे तिथे जमवत असता. चाऱ्यावर मर्यादा असेल तर नियमपत्रक आधी वाचा, क्लबाक्लबांत ती वेगळी असते.

हुकावर मऊ मक्याचा दाणा चांगला, पण तिलापिया तो दोन मिनिटांत सोलून नेतो. तशी टोचणी सुरू झाली की देशी चण्यावर या. चणे १२ तास भिजवून कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्या. बोटांत दाबला तर चेपावा, पण सालीतून सुटू नये. कच्चा चणा माशाच्या पोटात फुगतो, तो अजिबात वापरू नका.

फेक एकाच जागी पडायला हवी. रीलच्या स्पूलवरच्या क्लिपमध्ये लाइन अडकवली की अंतर पक्कं होतं. मोठा मासा पळाला तर तीच क्लिप लाइन तोडते, म्हणून अंतर ठरलं की लाइनवर रंगीत खूण करून क्लिप सोडून द्या. जलपर्णीचे पुंजके वाऱ्याने सरकत येतात. रॉडचं टोक पाण्याजवळ आणून लाइन बुडवा, पुंजका वरून निघून जातो. तळातून वर येणारे बुडबुडेही नीट बघा. एकाच जागी फुटणारे मोठे बुडबुडे गाळातल्या वायूचे असतात. बारीक, फेसासारखे आणि हळूहळू पुढे सरकणारे दिसले की तिथे मृगळ किंवा सायप्रिनस तळ उकरतो आहे, फीडर त्यांच्या वाटेच्या पुढे टाका. चावा आला की झटका मारू नका. रॉडचं टोक वाकून तसंच राहिलं की नुसता रॉड उचला, हुक आधीच रुतलेला असतो.

अनेक गऱ्यांचा झुमका वापरणारे विचारतात की त्यापेक्षा यात वेगळं काय. कणकेच्या गोळ्यात चार-सहा गऱ्या लपवल्या की एखादी लागतेच, हे खरं. पण बाकीच्या डोळ्यात, कल्ल्यात, पोटात घुसतात. मासा जिवंत सोडायच्या स्पर्धेत अशा माशाचं वजन लावून उपयोग नाही. मेथडचा एकच हुक बहुतेक वेळा खालच्या ओठात बसतो आणि ओल्या बोटांनी दोन सेकंदांत निघतो. त्यासाठी काटा नसलेला हुक, दोन मीटर दांड्याची मऊ जाळी आणि ओली चटई लागते. यांतलं काहीच संचात नाही, त्याचा खर्च वेगळा धरा. उन्हाळ्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, मासे तासन्‌तास जाळीत कोंडण्यापेक्षा लगेच तोलून सोडणारा क्लब बघा. कटला तर हाताळणीला फार नाजूक. जाळी टाकायला पाण्यात उतरू नका, पवईत मगरी आहेत. लांब दांडा त्यासाठीच. विहार आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतात, तिथे गरवायला जायचंच नाही. पवईच्या सदस्यत्वाचं आणि परवानगीचं महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे विचारा.

खरेदीबद्दल एक तक्रार उरते. संचात प्रत्येक वजनाचा एकच फीडर आहे. २० चा फीडर बुडालेल्या फांदीत तुटला की तुमच्याकडे उरतात ३० आणि न बसणारा ४०. स्पर्धेसाठी साचा आणि २० चे तीन, ३० चे दोन सुटे फीडर मिळत असतील तर तेच घ्या. सुटा साचा मिळत नसेल तरच हा संच, आणि सोबत २० चे दोन जादा. वापरल्यावर साचा त्याच संध्याकाळी धुवा, बटणाच्या खोबणीत अडकलेली पेंड रात्रीत आंबते आणि बटण अडकतं. फीडरवरचा रंग उडून शिसं उघडं पडलं असेल तर वडापावला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवा.