डीप रिफ्लेक्शन की रिसीव्हर फंक्शन? सातपुड्याखालचा जुना सांधा बघायचा तर

नागपुरात जिऑलॉजी करणारी बरीच पोरं प्रोजेक्टसाठी सेंट्रल इंडियन सूचर (मध्य भारतात दोन जुने भूखंड जुळले तो सांधा) घेतो म्हणतात, आणि मग मेथडवर गाडी अडते. माझं मत, आधी प्रश्न ठरवा भाऊ.

प्लेट कोणत्या बाजूला खाली गेली होती हे बघायचं असेल तर डीप रिफ्लेक्शनला, म्हणजे जमिनीत लाटा सोडून खालच्या थरांवरून परतलेल्या लाटा टिपायच्या पद्धतीला, तोड नाही. स्फोट किंवा व्हायब्रेटर ट्रक, जिओफोनची (जमिनीची कंपनं टिपणाऱ्या यंत्रांची) लांबच लांब लाइन, आणि रेकॉर्डिंग १५-२० सेकंद चालू ठेवायचं, कारण ४० किमी खालच्या मोहोवरून (कवच आणि मँटलमधल्या सीमेवरून) लाट परत यायलाच साधारण १३ सेकंद लागतात. मग सेक्शनवर, म्हणजे जमिनीच्या उभ्या छेदाच्या चित्रावर, तिरप्या रेघा सरळ डोळ्यांना दिसतात. स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखातात १९८९ च्या बेबल नावाच्या रिफ्लेक्शन सर्व्हेत अशा रेघा मोहोच्याही खाली उतरलेल्या दिसल्या, त्यावरून १९० कोटी वर्षांपूर्वीही प्लेटा सरकत होत्या असं मांडलं गेलं. आपल्याकडे एनजीआरआयच्या (हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) सिवनी-कालीमाटी लाइनवर सूचरच्या दोन बाजूंचे रिफ्लेक्टर उलट दिशांना कललेले आहेत, टक्कर झाली असं म्हणायला तोच मोठा आधार.

पण खर्च बाप्पा! नवीन लाइन विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाहीच, जुना डेटा रीप्रोसेसिंगला मिळाला तर ठीक. शिवाय नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट लागला की तो एनर्जी विखरून टाकतो.

रिसीव्हर फंक्शनला फक्त ब्रॉडबँड स्टेशनचा (मंद-जलद सगळी कंपनं टिपणाऱ्या भूकंपमापक केंद्राचा) डेटा लागतो, जपान-फिलिपिन्सकडचे मोठे भूकंप घ्यायचे, मोहोवर भूकंपाच्या वेगवान पी लाटेचा थोडा भाग हळू चालणारी एस लाट होतो, ती पाचेक सेकंद मागून येते, त्यावरून खोली काढायची. त्यासाठीचं ओबस्पाय हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. अडचण अशी की स्टेशनं ५० किमी दूर असली तर सांधा नेमका मधल्या जागेत हरवतो, आणि तिरपा थर पकडायला चहूबाजूंचे भूकंप पाहिजेत, आपल्याकडे बहुतेक पूर्वेकडूनच येतात. मनसरकडे स्टेशन असेल तर तिथल्या मँगनीज माइनच्या ब्लास्टिंगचा त्रास वेगळाच.

टोमोग्राफीचं (लाटांच्या वेगावरून पोटातले थंड-गरम भाग शोधायचं) काही जण सुचवतात, पण एवढी जुनी प्लेट केव्हाच आजूबाजूइतकी गरम झालेली असते, थंड स्लॅब (बुडालेल्या प्लेटचा तुकडा) म्हणून दिसायची आशा सोडा.

सहा महिन्यांचं डेझर्टेशन असेल तर रिसीव्हर फंक्शनच घ्या, प्रश्न मोहो सूचरखाली किती खोल जातो एवढाच ठेवा. पीएचडी करायची असेल आणि हैदराबादला चकरा मारायची तयारी असेल तर रिफ्लेक्शन, फक्त डेटा हातात आल्याशिवाय टायटल रजिस्टर करू नका.